हजेरीपटातील आमची नावे

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी आम्ही चार शब्द लिहावेत असा निरोप आला, तेव्हा आम्हा पाचजणांना प्रथम आठवला तो शाळेतील एखादा प्रसंग नव्हे. शाळा सोडल्यानंतर चार वर्षांनी, उत्तर नागपुरातील एका वस्तीच्या विहारात पाहिलेला एक हजेरीपट आम्हा सर्वांना एकाच वेळी आठवला. शाळेच्या स्मरणिकेत शाळेबाहेरची हकिकत कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडेल. परंतु त्या दिवशी आम्हाला जे उमगले ते शाळेने आम्हाला दहा वर्षे रोज शिकविले होते आणि आम्ही ते ओळखले नव्हते, एवढ्यासाठीच ही हकिकत येथे सांगण्याचे धाडस करीत आहोत.

आम्ही तीन मुलगे आणि दोन मुली. दहावीनंतर पुढील शिक्षणासाठी नागपूरला आलो. पदवीच्या पहिल्या वर्षी महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेत नावे नोंदविली. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास नियमित काम करावयाचे आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर पूर्ण करावयाचे, असा तिचा नियम. पहिले वर्ष वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, स्वच्छता फेरी यांत निघून गेले. दुसऱ्या वर्षी कार्यक्रम अधिकारी सरांनी सांगितले की, ज्यांना वस्तीतील एखाद्या संस्थेबरोबर काम करावयाचे असेल त्यांनी ते करावे. संस्थेचे पत्र आणले की तास धरले जातील.

आमच्यापैकी एकीची आत्या त्या वस्तीत राहत असे. तिच्या ओळखीने आम्ही विहार समितीच्या सचिवांना भेटलो. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. मुलांसाठी अभ्यासवर्ग घेतो, असे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "किती दिवस याल?" आम्ही म्हणालो, "काका, वर्षभर येऊ." त्यांनी विहाराची किल्ली आमच्या हाती ठेवली.

जूनच्या अखेरीस वर्ग सुरू झाला. मंगळवार आणि शुक्रवार, सायंकाळी साडेपाच ते साडेसात. आठवड्याचे चार तास. तीस आठवड्यांत १२० तास. हा हिशेब आम्ही पहिल्याच दिवशी केला होता, हे आज सांगताना संकोच वाटतो. पण खरे ते सांगितले पाहिजे. तासांचा पुरावा हवा म्हणून आम्ही एक लांबट वही आणली आणि तिचा हजेरीपट केला. वरच्या पाच ओळींत आमची नावे लिहिली, खाली मुलांची. आमच्या नावापुढे आम्ही सही करीत असू. मुलांच्या नावापुढे 'ह' किंवा 'गै'.

विहार लहानसे होते. वर पत्रे, खाली फरशी, समोर तथागतांची मूर्ती आणि बाजूला बाबासाहेबांची तसबीर. पाऊस आला की पत्र्यांच्या आवाजात आमचे बोलणे ऐकू जात नसे. मग फळ्यावर उदाहरणे लिहून देत असू. पहिलीपासून दहावीपर्यंतची मुले एकाच सतरंजीवर बसत. कुणाला बाराखडी पक्की करून हवी होती, कुणाला अपूर्णांक समजत नव्हते. दहावीतला एक मुलगा फक्त गणितासाठी येई. तो अबोल होता. उदाहरण सुटले की वही आमच्याकडे सरकवी आणि आमच्या चेहऱ्याकडे पाहत राही. नववीतली एक मुलगी न सांगता लहान मुलांना सांभाळी, त्यांच्या पाट्या पुसून देई, वर्ग संपल्यावर सतरंजी झटकून घडी घाली. आम्ही तिचे कौतुक करीत असू. तिच्याकडे लक्ष मात्र आम्ही दिले नव्हते.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. या तीन महिन्यांत विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. महिला मंडळाच्या उपासिका दिवसभर घरकामे, बांधकामावरची कामे करून पांढरी साडी नेसून साडेसातला येत. त्यांच्यातील वाचणाऱ्या ताई आजारी पडल्या, तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष आजींनी आम्हाला वाचावयास बसविले. आम्हाला वाटले, येथेही आपण यांच्या उपयोगी पडत आहोत. दुसऱ्याच दिवशी आमच्यापैकी एकाने वाचताना एक ओळ गाळली. लगेच मागच्या रांगेतून एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, "बाबू, मधातलं राह्यलं." त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु अनेक वर्षावास ऐकून ऐकून तो ग्रंथ त्यांच्या कानांत बसला होता. आम्ही मागे जाऊन ती ओळ शोधली. ती तेथे होती.

पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, हे सर्वज्ञात आहे. त्या समारंभाची सिद्धता मात्र भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेने केली होती आणि तिचे सचिव वामनराव गोडबोले होते, याचे स्मरण आपण क्वचितच करतो. मैदान साफ करणे, मंडप घालणे, पाण्याची सोय पाहणे, बाहेरगावच्या लोकांना जागा देणे, ही कामे त्या वेळी नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतील माणसांनी आणि समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांनी केली. एवढा मोठा दिवस स्थानिक माणसांच्या खांद्यांवर उभा राहिला.

तीच रीत आजही चालू आहे. वस्तीच्या समितीने दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोजनदानाचा मंडप घातला होता. त्यासाठी पंधरा दिवस आधीपासून घरोघरी वर्गणी व धान्य गोळा होत होते. आम्ही त्या फेरीत सामील झालो. ज्या घरांतील मुले आमच्या वर्गात येत, त्याच घरांतून कुणी दोन किलो तांदूळ, कुणी वीस रुपये, कुणी तेलाची पिशवी दिली. एका घरी त्या दिवशी द्यायला काही नव्हते, तेथील बाई म्हणाल्या, "म्या भाजी चिरायले येतो." आणि त्या खरोखरच पहाटे चारला येऊन बसल्या. दोन दिवस लोक येत राहिले. मराठवाड्यातून, खानदेशातून, परराज्यांतून आलेली, रेल्वेने आणि पायी आलेली माणसे पंगतीला बसली. किती जण जेवले याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

महाविद्यालयात द्यावयाच्या आमच्या अहवालात मात्र एक रकाना होता: लाभार्थी संख्या. त्यात आम्ही त्याच वस्तीतील मुलांचा आकडा भरला होता. पंगतीत वाढताना आमच्यापैकी एकीने हळूच विचारले, "आपण यांना लाभार्थी लिहिलं आहे ना?" आम्ही कुणीच उत्तर दिले नाही. पण रकाना खोडलाही नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमचे तास पूर्ण झाले. त्याच सुमारास प्रात्यक्षिके आणि वार्षिक परीक्षांची तयारी सुरू झाली. एका शुक्रवारी आम्ही मुलांना सांगितले की, पुढच्या मंगळवारी येणे जमणार नाही, त्यानंतर पाहू. किल्ली सचिवकाकांना नेऊन द्यावी एवढेही आम्हाला सुचले नाही. ती आम्ही त्या नववीतल्या मुलीच्या हाती दिली आणि निघून आलो. पुढचा मंगळवार गेला, त्यापुढचाही गेला. आपण थांबलो आहोत असे आम्ही ठरविले नव्हते. तसे सांगितलेही नव्हते. आम्ही फक्त गेलो नाही.

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले. प्रमाणपत्रासाठी संस्थेचे पत्र अजून आणावयाचे होते. ते घेण्यासाठी आम्ही पाचही जण एका शुक्रवारी सायंकाळी वस्तीत गेलो. आम्ही परत गेलो ते पत्रासाठी, मुलांसाठी नव्हे, हे नमूद करणे आम्ही आवश्यक समजतो.

विहारात दिवा होता. आत दहा-बारा मुले बसली होती आणि फळ्यापाशी ती मुलगी उभी होती. आता ती दहावीत गेली होती. लहान मुलांना तिने पाढे लिहावयास दिले होते. आम्हाला पाहून मुले "दादा आले, ताई आल्या" म्हणत उठली. ती मात्र जागची हलली नाही. तिने खिडकीतून वही काढली, आजच्या तारखेचा रकाना उघडला आणि पेन पुढे करून म्हणाली, "सही करा, दादा."

आम्ही मागची पाने उलटली. जानेवारीपर्यंत आमच्या सह्या होत्या. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आणि प्रत्येक शुक्रवारी आमच्या पाचही नावांपुढे तिच्या नीटस अक्षरात 'गै' लिहिलेले होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. उन्हाळ्याच्या सुट्टीतही एक दिवस गाळलेला नव्हता. मुलांच्या नावांपुढे जे आले त्यांचा 'ह', न आले त्यांचा 'गै'. आमच्यासाठी वेगळा नियम तिने केला नव्हता. त्यात रागही नव्हता. आम्हीच घालून दिलेली पद्धत तिने चालू ठेवली होती, एवढेच.

गणिताला येणाऱ्या मुलाचे नाव आम्ही शोधले. फेब्रुवारीत त्याचे तीन 'ह' होते. पुढे 'गै'. मार्चनंतर त्या ओळीत काही नव्हते. तिने सांगितले, "त्याले मले शिकवता नाही येत होतं ना. दहावीचं होतं ते." तो गणितात नापास झाला होता आणि सेंट्रिंगच्या कामावर जाऊ लागला होता. आम्ही त्याच्या घरी गेलो. तो नुकताच कामावरून आला होता. हातांना सिमेंट होते. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिले. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरू, आम्ही रोज येऊ, असे आम्ही म्हणालो. तो खाली पाहत म्हणाला, "नाही दादा. आता कामावर जा लागते." त्याने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही गेलो असतो तर तो उत्तीर्ण झाला असता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. झाला नसता असेही म्हणता येत नाही. हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्याबरोबर आहे, आणि तो आमच्याबरोबर राहावा असेच आम्हाला वाटते.

परत येताना विहाराच्या पायरीवर अध्यक्ष आजी बसल्या होत्या. परीक्षा होत्या म्हणून येता आले नाही, असे आम्ही सांगू लागलो. त्यांनी मध्येच विचारले, "काहून बापा, परीक्षा काय तुमच्याच राह्यते? या पोरायच्या नाही का?"

पत्र मागावयाचे त्या दिवशी राहूनच गेले.

त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही बराच वेळ बसलो होतो. बोलता बोलता शाळा आठवली. पहाटे पाचची घंटा, त्रिसरण-पंचशील, रविवारचे श्रमदान. सुगीच्या दिवसांत आसपासच्या गावांतील उपासक-उपासिका शाळेला धान्य आणून देत. कुणी पायलीभर ज्वारी, कुणी तुरीचे गाठोडे. ती पोती आम्ही मुलांनी पाठीवरून कोठीघरात वाहिली. दहा वर्षे त्याच ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. ती माणसे कोण, ती दरवर्षी का येतात, ज्या वर्षी पीक बुडाले त्या वर्षीही कशी आली, हे आम्ही कधी विचारले नाही. आमचे नाव कुणाच्या अहवालातील लाभार्थ्यांच्या रकान्यात होते का, हे ठाऊक नाही. पण ती माणसे तास मोजत नव्हती, हे निश्चित.

आम्हाला भन्तेजींनी अनेकदा सांगितलेली एक कथाही आठवली. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर निजविले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून, येथे तुमचे मातापिता नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे, असे समजाविले. शाळेत कुणाला ताप आला की ही कथा सांगितली जाई आणि आम्ही रात्री आळीपाळीने त्याच्या उशाशी बसत असू. तेव्हा त्याला आम्ही सेवा म्हणत नव्हतो. ताप उतरेपर्यंत उठावयाचे नसते, इतकेच माहीत होते. महाविद्यालयात गेल्यावर तेवढेच आम्ही विसरलो होतो.

आपल्या समाजात 'पे बॅक टू सोसायटी' हा शब्दप्रयोग रूढ आहे. समाजाने घडविले, आता समाजाचे ऋण फेडा, असा त्याचा आशय. या शब्दांनी अनेकांना कार्याला लावले आहे, म्हणून त्याविषयी आम्हाला आदर आहे. पण अनुभवाने एक गोष्ट मांडावीशी वाटते. ऋण म्हटले की हिशेब आला, आणि हिशेब म्हटले की तो कधीतरी पूर्ण होतो. १२० तास भरले आणि आम्ही मोकळे झालो, ते या समजुतीतूनच. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ज्या दहा पारमिता सांगितल्या आहेत त्यांत दान आहे, तसेच अधिष्ठानही आहे. अधिष्ठान म्हणजे ध्येय गाठेपर्यंत न ढळणारा निश्चय. सायंकाळचे दोन तास देणे हे दान झाले. फेब्रुवारीतल्या मंगळवारी, स्वतःची परीक्षा तोंडावर असताना, फळ्यापाशी उभे राहणे हे अधिष्ठान. पहिले आम्ही केले. दुसरे नववीतल्या एका मुलीने केले.

याच उत्तर नागपुराच्या मातीत जाईबाई चौधरी होऊन गेल्या. डोक्यावर ओझी वाहून पोट भरणाऱ्या या बाईंनी स्वतः शिकून १९२२ मध्ये मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. पुढे १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. आपली शाळाही याच परंपरेतील. या सर्व संस्था उभ्या करणारी माणसे अनेक होती, त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही प्रमाणपत्रावर नाहीत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, म्हणून संस्था टिकल्या.

त्या जूनपासून आम्ही वर्ग पुन्हा सुरू केला, असे लिहिणे बरोबर होणार नाही. तो बंद पडलाच नव्हता. आम्ही त्यात रुजू झालो. या वेळी आधी सचिवकाकांना विचारले, मुलांच्या पालकांना विचारले. वेळ आणि विषय त्यांनी ठरविले. पाचांनी एकाच दिवशी यावयाचे नाही, वार वाटून घ्यावयाचे, म्हणजे एकाची परीक्षा असली तरी वर्गाला खाडा पडत नाही, हे त्या मुलीने सुचविले. तिच्या दहावीच्या वर्षी आम्ही तिला लहान मुलांचे काम करू दिले नाही. ती सतरंजीवर बसली आणि आम्ही तिला शिकविले. ती उत्तीर्ण झाली. पदवीनंतर नोकरीनिमित्त आम्ही पांगलो, तेव्हा किल्ली सचिवकाकांच्या हाती दिली आणि खालच्या वर्गातील चार विद्यार्थ्यांना तीन महिने आधीपासून बरोबर नेऊन मगच निघालो. पुढे वर्गाची जबाबदारी वस्तीतील मुलांनीच घेतली.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची मुले आज महाविद्यालयांत आहेत. तीही कुठल्या ना कुठल्या वस्तीत, विहारात, अभ्यासिकेत काम करावयास जातील. त्यांनी जरूर जावे. त्यांना आपण एवढेच सांगू या की, जाण्यापूर्वी तेथील माणसांना विचारा. जेवढे दिवस जमेल तेवढेच कबूल करा. आणि निघण्यापूर्वी किल्ली कुणाच्या हाती द्यावयाची ते ठरवून ठेवा. जयंतीच्या दिवशी जाणारे पुष्कळ असतात. साध्या मंगळवारी जाणारे हवे आहेत.

तो हजेरीपट आज आमच्यापाशी नाही; तो विहाराच्या कपाटात आहे आणि तेथेच असावा. पाच महिन्यांचे ते 'गै' कुणी खोडलेले नाहीत. आपल्या शाळेत येणाऱ्या धान्याची पोती आजही मुले कोठीघरात वाहून नेतात, असे कळले. यंदाच्या सुगीत आम्ही पाचही जण त्या गावांत जाणार आहोत. ज्यांच्या भाकरी खाल्ल्या त्या घरांची नावे विचारून घ्यावयाची आहेत, आणि पोती शाळेपर्यंत आणण्यास हात लावावयाचा आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.